चार्जरच्या तोंडातलं मीठ

१

मंगळवारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी, विश्रोळी सीड्सच्या अकोल्याच्या ऑफिसात गाड्या चार्ज करायची पेटी धाडकन फुटली. काळा धूर निघाला, गाडीत खुपसायची डावीकडची गन वितळून लोंबायला लागली, आणि तिला जोडलेली मॅनेजरसाहेबांची नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी जागच्या जागी मुकी झाली. माणूस कोणी दगावलं नाही हे नशीब. गुन्हेगार मात्र संध्याकाळच्या आत ठरला. आपल्याकडे धूर विरायच्या आधी बोट उठतं, आणि ते लॅबच्या ज्योत्स्ना तायडे यांच्याकडे उठलं.

गुरुवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर धम्मदीप खंडारे अमरावतीहून आला. नुकसान कशानं झालं हे शोधून विमा कंपनीला कळवायचं, हा त्याचा पेशा. घर राजापेठेत, पण तो घरात सापडेल तर शपथ. एका जागी बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. बोलताना चालायचा, जेवताना उठायचा, आणि विचार करायला लागला की समोरच्याला भोवळ येईल इतक्या फेऱ्या मारायचा.

"तुमचं काम सोपं आहे," मॅनेजर गौरांग अभ्यंकर त्याला गाड्यांच्या शेडकडे नेत म्हणाले. पुण्याहून येऊन त्यांना वर्ष झालं होतं, पण अकोल्याच्या उन्हाशी आणि बोलण्याशी त्यांचं अजून जमलं नव्हतं. "हा सरळ घातपात आहे. तीन वाजता चौकशी ठेवलीय. तुम्ही फक्त तसं म्हणा, म्हणजे मला बाईंना आजच निलंबित करता येईल."

"काहून? म्हंजे, कशावरून?"

"मंगळवारी मी लवकर आलो. गनवर कोणाचं तरी फडकं पडलं होतं. ते काढून फेकलं आणि गाडी लावून टाकली. नंतर या बाई अमरावतीहून उगवल्या. पाच गाड्यांत डावी गन रोज यांनाच, त्या दिवशी तिथं माझी. दुसऱ्या गनला आमच्या चारुता पाठक यांची गाडी. झालं! सगळ्या ऑफिसदेखत माझ्यावर ओरडल्या. शेवटी काय म्हणाल्या माहितीये? 'जळो तुमचं मशीन!' आणि जळलं."

"कावळा बसायला अन् फांदी तुटायला कधीकधी एकच गाठ पडते, साहेब."

"कावळ्याकडे मीठ नसतं, खंडारे." अभ्यंकरांनी वितळलेल्या गनच्या तोंडाकडे बोट दाखवलं. आतल्या पितळी पिनांच्या मुळाशी पांढरं काहीतरी जमलं होतं. "आमच्या इलेक्ट्रिशियननं पाहिलं, मीठच आहे म्हणाला. आणि या बाई बियाणं तपासायच्या लॅबच्या प्रमुख. कपाटात क्षारांच्या बाटल्याच बाटल्या!"

धम्मदीप खाली वाकला. गनचं टोपण कधीचंच हरवलं होतं. ती अडकवायचा हुक तुटला होता, म्हणून कोणीतरी सुतळीनं तिची जागा खांबाला बांधून दिली होती. त्यामुळे गन तिथं ठेवली की तोंड वर, पाखराच्या पिलासारखं. त्यानं नखानं तो पांढरा थर खरवडला. भुकटी पडेल असं वाटलं होतं, पण निघाल्या पातळ पातळ खपल्या.

मग त्यानं जळकी पेटी उघडली, आत डोकावला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे पाय थांबले. वीज कुठं गळायला लागली तर आपोआप पडणारी एक कळ अशा पेटीत असते. ती कळ होती. पण तिला वळसा घालून कोणीतरी तार सरळ जोडून टाकली होती.

"ही तार कोणी जोडली?" त्यानं विचारलं.

अभ्यंकरांनी रुमालानं मान पुसली. "तीन वाजता भेटू," म्हणाले, आणि घाईघाईनं एसीत निघून गेले.

२

ज्योत्स्ना तायडे लॅबमध्ये उभ्याच होत्या. पर्स खांद्याला, डोळा घड्याळाला. धम्मदीपला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्याला आपल्याइतकं अस्वस्थ माणूस प्रथमच भेटत होतं.

"बसा, साहेब."

"नको. तुमीच सांगा, त्या दिवशी एवढा राग काहून आला?"

"राग नाई येनार तं काय?" त्या म्हणाल्या. "माही माय अमरावतीले हाये. पंचफुलाबाई. अर्धं अंग गेलं तिचं. बाई ठेवली हाये तिच्यापाशी, पन ते सात वाजले की आपल्या घरी जाते. म्हनून मले सातच्या आत पोहोचाच लागते. आधी बसनं जायची, तं बदली मागून थकली. मंग कंपनीनं सांगतलं, ऑफिसात चार्जिंग देतो, गाडी घ्या. म्या घेतली. येते तं गाडी रिकामी होते, इथी भरली तं वापस जाते. गन नाई भेटली तं मी घरी जाऊ कशी?"

"मंगळवारी?"

त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "पेटी जयली. गाडी इथीच ठेवून बसनं गेली. बस रस्त्यात बंद पडली. पोहोचली तवा माय पलंगाखाली पडून होती. फरशीवर. किती वेळची पडली होती ते तिलेबी सांगता नाई आलं."

धम्मदीपनं दोन फेऱ्या मारल्या. ज्या मशीनवाचून ही बाई घरी पोहोचू शकत नाही, तेच ती कशाला जाळेल? पण अभ्यंकर म्हणतील, रागाला डोळे नसतात. आणि तेही काही खोटं नाही.

"एक सांगा. तुमी येता सगळ्याईच्या मागून. गना दोन, गाड्या पाच. तरी डावी गन रोज तुमालेच कशी भेटते?"

ज्योत्स्नाबाईंनी पर्सचा पट्टा घट्ट धरला. "भेटते."

"कोनी धरून ठेवते काय?"

"साहेब, नोकरी जायची तं जाऊ द्या. पन हे मले इचारू नका."

चोरी करणारा माणूस खोटं बोलतो. ही बाई खोटंही बोलत नव्हती आणि खरंही सांगत नव्हती. ती कोणाला तरी पदराखाली घेऊन उभी होती, आणि ते कोण हे तीनच्या आत कळलं नाही तर तिचं घर बसणार होतं.

३

मनुष्यबळ विभागाच्या चारुता पाठक यांना विचारावं लागलंच नाही. त्या विचारायच्या आधीच बोलत होत्या.

"मी काही वाईट बोलत नाही हं कोणाबद्दल. पण रोज डावी गन त्यांनाच! आम्ही काय घोडं मारलंय? माझी गाडी मी घरी, जठारपेठेत रोज चार्जिंगला लावतेच. पण इथं फुकट मिळतंय तर..." त्या थांबल्या.

"फुकट ते पौष्टिक."

"अगदी तसंच नाही," त्या लाजल्या. "शिवाय ते मशीन महिनाभर धड चाललंच नाही. मधूनच पटकन बंद पडायचं, विशेषतः सकाळी. दुपारी चालू केलं की चालायचं. मग साहेबांनी इलेक्ट्रिशियनला झापलं, काय वाट्टेल ते कर पण बंद पडता कामा नये. तेव्हापासून नाही पडलं."

"नाई पडलं, म्हणून जळलं," धम्मदीप पुटपुटला. "बरं, गन कोण धरून ठेवतं? गाडी नसताना?"

"त्यावर बंदी आहे. साहेबांनी स्वतः बजावलंय, कोणी जागा अडवून ठेवली तर सरळ कारवाई. म्हणून तर मला नवल वाटतं." मग आवाज खाली आला. "सकाळी सगळ्यांत आधी येतात ते देवराव काका. अकाउंट्सचे. पण त्यांच्याकडे आहे जुनी स्कूटर, पेट्रोलची. ते कशाला गन अडवतील?"

खरंच, कशाला? पेट्रोलच्या स्कूटरवाल्याला विजेची गन काय कामाची? धम्मदीप याच प्रश्नाला घेऊन अकाउंट्सच्या खोलीत शिरला.

तिथं एसी नव्हता, खिडकीत एक भला थोरला कूलर घरघरत होता. देवराव गावंडे महिनाअखेर रिटायर होणार होते. पांढऱ्या मिशा, सरळ पाठ, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"मले काय इचारता? मी तं कधी त्या मशीनले हात नाई लावला."

"मंगळवारी सकाळी काय पाह्यलं, एवढंच."

"पाह्यलं. साहेब आले, साहेबाईनं गाडी लावली." त्यांनी वही मिटली. "मोठे मानसं हायेत बाप्पा ते. दुसऱ्याची वस्तू उचलून मातीत फेकतात, कोनाची हाये ते इचारतबी नाई."

बोलता बोलता त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला, कूलरच्या टाकीत बुडवला, हलका पिळला आणि डोक्याला गुंडाळला. आपल्याकडे उन्हाळ्यात असं कोण करत नाही? त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. धम्मदीप मात्र कूलरच्या जाळ्यांकडे पाहत राहिला.

"जाळ्या पांढऱ्या काहून झाल्या, काका?"

"बोअरचं पानी हाये. हा सारा खारपानपट्टा. प्याचं पानी डब्याचं येते, हे फक्त कूलरले. भल्लं खारं! महिन्याभरात जाळ्याईचे दगड होतात."

तेवढ्यात शिपाई आला. साहेबांनी चौकशी अलीकडे घेतली होती. आत्ताच बोलावलं होतं, सगळ्यांना.

४

बैठकीच्या खोलीत एसी चालू होता तरी कोणाला थंड वाटत नव्हतं. ज्योत्स्नाबाई दाराजवळ, चारुताबाई खिडकीशी, देवराव भिंतीला टेकून. धम्मदीप टेबलाभोवती फिरत होता आणि अभ्यंकरांची मान त्याच्याबरोबर फिरत होती.

"तायडे मॅडम, शेवटचं विचारतो," अभ्यंकर म्हणाले. "गन कोण अडवायचं तुमच्यासाठी? आणि ते मीठ कुठून आलं?"

त्यांनी पर्स घट्ट धरून नजर दाराकडे वळवली.

"ठीक आहे. गप्प राहणं म्हणजेच कबुली. मला निर्णय घ्यावा लागेल. निलंबन, आणि चार्जर कायमचा बंद. पुन्हा हा ताप नको."

ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटले. चार्जर बंद म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. नोकरी वाचली असती तरी घरची वाट संपली होती.

"थांबा."

देवराव पुढे आले. आवाजात कंप नाही, नजर सरळ.

"तिले सोडा. म्या केलं. मूठभर मीठ टाकलं गनच्या तोंडात. माही वस्तू साहेबाईनं मातीत फेकली, मले राग आला. लिहून घ्या आन मले काढून टाका. काहीच दिवस रायले हायेत माहे, काय फरक पडते?"

चारुताबाईंच्या तोंडून "अय्या" निघालं. अभ्यंकर उभे राहिले. ज्योत्स्नाबाई "काका!" एवढंच म्हणाल्या आणि दोन पावलं पुढे आल्या.

धम्मदीप एकटाच फिरत होता. "काका," तो हळूच म्हणाला, "तुमी साफ खोटं बोलून रायले."

५

"मीठ कधी टाकलं?" त्यानं विचारलं.

"साहेबाईनं गाडी लावल्यावर. राग तवाच तं आला."

"गाडी लावल्यावर गनचं तोंड कुठं असते?"

देवरावांनी त्या मशीनला कधी हात लावला नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं.

"गाडीच्या आत असते," धम्मदीप म्हणाला. "आणि चार्जिंग चालू असेपर्यंत गाडी ती धरून ठेवते. मालकानं किल्लीनं उघडल्याशिवाय सोडत नाही. साहेब, किल्ली कुठं होती?"

"माझ्या खिशात," अभ्यंकर म्हणाले.

"म्हणजे गाडी लावल्यावर त्या तोंडात मीठच काय, मुंगीही शिरली नसती. मीठ गेलं ते आधी. आणि भांडण झालं नंतर! ज्योत्स्नाबाई आल्या तेव्हा गन गाडीत बंद होती. त्या रागानं काही टाकूच शकत नव्हत्या. वस्तू फेकल्याच्या रागानं काकाही काही टाकू शकत नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच इथं चाललंय."

"मग चोर कोण?" चारुताबाईंनी न राहवून विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत, मशीन महिनाभर सकाळी बंद पडायचं आणि दुपारी चालायचं. म्हणजे दोष मंगळवारचा नाही, जुना आहे. आणि सकाळी ओला, दुपारी कोरडा आहे. ते मीठ मुठीनं टाकलेलं नाही. मुठीनं टाकलं की भुकटी असते. ते खपल्या-खपल्यांनी निघालं, कूलरच्या जाळीवर चढतं तसं. रोज थोडं पाणी, रोज थोडं ऊन."

देवरावांचा हात आपोआप डोक्यावरच्या ओल्या दुपट्ट्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

"एसटीच्या खिडकीतून आपल्या माणसासाठी रुमाल टाकतो आपण," धम्मदीपनं चालणं थांबवलं. "काकांनी तेच केलं. सगळ्यांआधी यायचे, कूलरला दुपट्टा ओला करून घ्यायचे, आणि डाव्या गनवर टाकून ठेवायचे. अमरावतीहून येणाऱ्या पोरीची जागा. वयानं मोठ्या माणसाचा दुपट्टा कोणी हलवणार नाही, हा भरवसा. गनचं तोंड वर, टोपण नाही. खारं पाणी ठिबकत राहिलं. ज्योत्स्नाबाई येईपर्यंत ते उन्हानं बहुतेक वाळायचं, मागं मीठ उरायचं; ओल राहिली की कळ पडायची. त्यांची लहान गाडी वीज घोटघोट पिते, म्हणून निभावलं. मंगळवारी साहेबांनी ओलं असतानाच फडकं फेकलं आणि मोठी गाडी लावली. ती वीज घटाघटा पिते. तरीही पेटी वाचली असती. आतली कळ पडली असती, आणि काम तिथंच थांबलं असतं. पण कळ पडू नये अशी सोय आधीच करून ठेवली होती. कोणाच्या सांगण्यावरून, ते साहेबांना माहीत आहे."

अभ्यंकर खुर्चीत बसले. माणूस कोत्या मनाचा नव्हता, घाबरलेला होता. नवी गाडी गेली, आणि ती तार उघडी पडली तर विम्यालाही मुकायचं. म्हणून त्यांना कोणीतरी गुन्हेगार हवाच होता.

"मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "रोजच्या तक्रारींना कंटाळलो होतो. तसंच लिहा." मग ज्योत्स्नाबाईंकडे वळले. "मॅडम, चौकशी संपली. नवी पेटी बसेल, नीट बसेल, आणि डावी गन लांबून येणाऱ्याची. हे मी आधीच ठरवून द्यायला हवं होतं. मग काकांना दुपट्टा टाकावा लागला नसता."

आता सगळ्यांनी हुश्श करायला हरकत नव्हती. पण ज्योत्स्नाबाई देवरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता.

"काका, तुमी खोटं कबूल केलं. म्हंजे तुमाले वाटलं, मीनंच केलं?"

देवराव खाली पाहू लागले. "लॅबमंधी मीठ असते, असं साहेब बोलले. तू चिडलीबी होती. म्या इचार केला, केलं असन तं केलं असन. मायपाशी जानाऱ्या पोरीची वाट अडवली तं ते काय करन?"

"एक डाव इचाराचं होतं मले."

"आन तू?" म्हातारा वर पाहून म्हणाला. "नोकरी जाऊन रायली तरी माहं नाव नाई घेतलं. तुले काय वाटलं होतं व माय?"

ज्योत्स्नाबाईंनाही काकांनीच केलं असंच वाटलं होतं. दुपट्टा मातीत पडलेला त्यांनी येता येता पाहिला होता, आणि काकांची खाली गेलेली मानही पाहिली होती. दोघांनी एकमेकांना गुन्हेगार समजून एकमेकांसाठी मान पुढं केली होती. विचारलं मात्र दोघांनीही नव्हतं.

घड्याळाकडे लक्ष जाताच ज्योत्स्नाबाई दचकल्या. "बस!"

"बसबिस काही नको," चारुताबाई किल्ली शोधत म्हणाल्या. एरवी जिभेला धार, पण आज ती कुठं गेली कोण जाणे. "माझी गाडी भरलेली आहे. मी सोडते अमरावतीला."

"आन तुमी वापस कशा येनार?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"तुमच्या घरी लावीन चार्जिंगला. चहा पाजाल ना तोवर?"

सगळे शेडमध्ये आले. ऊन अजून भाजत होतं. ज्योत्स्नाबाईंनी चारुताबाईंच्या गाडीचं मागचं दार उघडलं, पण आत बसल्या नाहीत.

"बसा, काका."

"मी? मी काहून?"

"मंगयवारी मले उशीर काहून झाला, माय फरशीवर काहून पडून रायली, ते तिले तुमी सांगा. मी नाई सांगनार."

धम्मदीप आपल्या गाडीशी उभा राहून पाहत होता, आणि नवल म्हणजे एका जागी उभा होता. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देताना या म्हाताऱ्याचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. आता मात्र त्यानं दाराला हात लावला आणि काढला, पुन्हा लावला. त्याच्या डोळ्यांसमोर फरशीवर पडलेली एक बाई होती, जिला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

"चाला," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. आवाजात राग उरला नव्हता. "माय वाट पाहून रायली असन."

देवराव आत बसले. दार ओढून घ्यायला मात्र त्यांना बराच वेळ लागला, आणि तोवर दोघी बायकांपैकी कोणीही घाई केली नाही.